खापरी

ती आली तेव्हा बा चाकावर होता
आणि मी लीद चाळत होतो,
भद्रकालीच्या टांग्यांची.
नऊ वर्षांच्या पोराला कुंभारवाड्यात हेच काम.

देवळालीच्या बराकीतून चालत आलेली बाई,
पायांत पुरुषाच्या वहाणा,
ओढणी धुऊन धुऊन रंग विसरलेली.
काही न विचारता तिनं
आळ्यातली चिमूटभर माती उचलली
आणि जिभेवर ठेवली.

बाचं चाक थांबलं.
"फटूगी," ती म्हणाली.
"फाटंल," बा म्हणाला.
एवढ्या एका शब्दावर ओळख झाली.

नाव बचिंत कौर.
बचिंत म्हणजे निश्चिंत, असं कुणीतरी बाला सांगितलं.
तो हसला नाही.

तिला तंदूर हवा होता.
रेशनचा गहू होता, तवाही मिळाला होता,
पण आंधळी सासू, बेबे,
तव्यावरची रोटी हातात घेई, बोटांनी चाचपे
आणि खाली ठेवून देई.
तिकडं संध्याकाळी अख्खी गल्ली
कणकेच्या पराती घेऊन एकाच तंदुराशी बसायची;
कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली,
सगळं तिथंच भाजून निघायचं.
गावाचं नाव ती सांगे.
मला ते कधी नीट म्हणता आलं नाही.

पहिला तंदूर तिसऱ्या दिवशी तडकला.
दुसरा वाळतानाच.
गंगेचा गाळ, शेळीचे केस, भुसा, काळा गूळ,
बानं सगळं घालून पाहिलं.
"आपली माती मानी हाय, बाई.
मडकं व्हईल. आगीची भिंत व्हनार न्हाई."

तिसरा पेटवला तेव्हा
बंदुकीसारखा आवाज झाला
आणि बराकीतली माणसं,
चांगली मिशीदाढीवाली मोठी माणसं,
जमिनीवर आडवी पडली.

बा दोन दिवस जेवला नाही.

मग म्हणाला, खापरी कुटून घालावी लागंल.
एकदा आगीतून गेलेली माती
नव्या मातीला धरून ठेवते.

तिनं पत्र्याची पेटी उघडली.
फुलकारीत गुंडाळलेला वीतभर तुकडा,
घरच्या तंदुराच्या ओठाचा.
तीन छावण्या, एक आगगाडी, आणि हा.
दागिने तिकडंच राहिले होते.

"ही नगं," बा घाईनं म्हणाला,
"माझ्याकडं फुटक्या मडक्यांचा ढीग हाय."
ढीग होताच. पोतंभर लागणार होतं.
या तुकड्यानं काय होणार होतं?

बेबेनं हात पुढं केला.
कडेवरून अंगठा फिरवला,
जिथं तिच्याच कोपरानं
चाळीस वर्षं घासून गुळगुळीत केलं होतं.
म्हणाली, "कुट्ट."

याला दुभाष्या लागला नाही.
उखळ आमचं, मुसळ आमचं, घाव बचिंत कौरचे.
बा पाठ करून उभा राहिला.

चौथा टिकला.

मग आमच्या बायाही कुतूहलानं गेल्या.
माझ्या आईनं बाजरीची भाकरी थापली,
ओल्या हातानं आत चिकटवली,
ती सरळ निखाऱ्यात.
बचिंत कौर इतकी हसली, इतकी,
की बेबेनं विचारलं,
हे कोण हसतंय?

परवा तिचा नातू आला होता.
कॉलेज रोडला हॉटेल आहे,
तंदूर दिल्लीहून येतात, गॅसवर चालणारे.
मराठी त्याची माझ्यापेक्षा नाशिकची.
"बाबा, एक मातीचा बनवून द्या ना,
एंट्रीला ठेवू, शोभेला."

मी म्हटलं, वर धरण झालं,
तेव्हापासून तो गाळ खाली येत नाही.
तो उठायला लागला.
बस, म्हटलं. चहा घे.
परसातल्या ढिगाकडं माझं लक्ष गेलं,
त्याचंही गेलं असावं.

खापऱ्या मात्र पुष्कळ आहेत.